नथ, ठुशी आणि रिठ्याचें पाणी

श्रावण लागला कीं आमच्या टपालांत दागिन्यांविषयींचीं पत्रें येऊं लागतात. मंगळागौर तोंडावर आलेली असते, तिच्या पाठोपाठ गौरी येतात, आणि वर्षभर कपाटांत नाहींतर बँकेच्या पेटींत निजलेले अलंकार एकदम बाहेर निघतात. ठुशी काळवंडलेली, पाटल्यांच्या नक्षींत साबण बसलेला, नथेच्या मोत्यांवर पिवळी छाया, आणि चांदीचीं निरांजनें तर लोखंडाचीं वाटावींत इतकीं काळीं! ‘सोनाराकडे न जातां हें सारें घरच्या घरीं उजळतां येईल काय, आणि कशानें?’ असें यंदां इतक्या भगिनींनीं विचारलें आहे कीं प्रत्येकीस निराळें उत्तर धाडण्यापेक्षां या महिन्याचें सदरच त्याला द्यावें असें आम्हीं ठरविलें.

पत्रें वाचतांना एक मौज वाटली. उपाय कोणाला ठाऊक नाहींत असें नाहीं. उलट ते फारच ठाऊक आहेत. एकीच्या आईनें लिंबू सांगितलें आहे, दुसरीच्या शेजारणीनें चिंच, तिसरीच्या वन्संनीं खाण्याचा सोडा, आणि चौथीनें मोबाइलवरील एका चित्रफितींत दांतांच्या पेस्टनें अंगठी लखलखतांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली आहे. हे सर्व पदार्थ आपल्या घरांत आहेत, स्वस्त आहेत, आणि त्यांतला एकहि अगदींच निरुपयोगी नाहीं. अडचण एवढीच कीं कोणता पदार्थ कशावर घालावयाचा आणि तो तेथें जाऊन नेमकें करतो काय, हें त्या उपायाबरोबर कोणी सांगितलेलें नसतें. तांब्याच्या ताम्हनाला जें मानवतें तें मोत्याला मारक होतें.

शिवाय दागिना म्हणजे नुसतें सोनें नव्हे. कोल्हापुरी साजाचीं पानें आंतून पोकळ, आणि त्या पोकळींत लाख भरलेली. नथेंत सोन्याच्या तारेवर मोती, मध्यें लाल खडा. जुन्या घडणीची असेल तर खड्याला चकाकी यावी म्हणून त्याच्या खालीं डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, बसविलेला. तन्मणी आणि चिंचपेटी यांचे मोती दोऱ्यांत नाहींतर तारेंत ओंवलेले. मंगळसूत्रांत कांचेचे काळे मणी आणि दोन वाट्या. म्हणजे धातु, खनिज, शिंपलीच्या पोटांतला पदार्थ, किड्याची राळ आणि सूत अशीं पांच कुळें आमच्या एका डब्यांत, कित्येकदां एकाच दागिन्यांत, नांदत असतात. त्यांतील सर्वांत नाजुक जें असेल त्याच्या बेतानें सगळ्या दागिन्याला वागवावें लागतें. एवढें ध्यानांत ठेवलें तर पुढील मजकुरांतील निम्मा आपला आपणच सुचेल.

प्रथम सोन्याकडे वळूं. शुद्ध सोनें काळें पडत नाहीं, गंजत नाहीं. हवेशीं किंवा पाण्याशीं त्याचा कांहीं व्यवहारच होत नाहीं. परंतु शुद्ध, म्हणजे २४ कॅरटचें, सोनें इतकें मऊ असतें कीं त्याची पाटली हातांतल्या हातांत वांकेल. म्हणून आपल्याकडे दागिने बहुधा २२ कॅरटचे करतात. त्यांत शंभर भागांत ९१.६ भाग सोनें, आणि उरलेली भर मुख्यतः तांब्याची व चांदीची. खड्यांच्या अंगठ्या हल्लीं १८ कॅरटच्याहि निघतात. त्यांत सोनें शंभरांत ७५ च. धातूला जो काय काळसरपणा येतो तो या भरीच्या धातूंमुळें, आणि तोहि थोडा. बाकी आपण ‘सोनें काळें पडलें’ म्हणतों तेव्हां जें दिसतें तें सोनें नव्हेच. साबण, खोबरेल, घाम, पावडर, कणीक आणि हळदकुंकू यांचा नक्षींत बसून वाळलेला तो थर होय. म्हणजे येथें धातु उजळावयाचा नसून मळ काढावयाचा आहे. आणि तेलकट मळ काढण्यास आम्ल नको, खरखरीत पूड नको, फेंस पाहिजे.

फेंसासाठीं रिठ्यासारखी वस्तु नाहीं. त्याच्या टरफलांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें पाण्यांत साबणासारखें फेंसाळतें आणि तेलकटपणा सोडवून आणतें. आठदहा रिठे फोडून बिया टाकून द्याव्या, टरफलें दोन पेले कोमट पाण्यांत रात्रभर भिजत घालावीं, आणि सकाळीं चांगलीं कुसकरून पाणी फडक्यांतून गाळून घ्यावें. पाटल्या, बांगड्या, गोठ, तोडे, साध्या साखळ्या, असे जे नुसत्या सोन्याचे दागिने, तेवढेच या पाण्यांत पंधरा-वीस मिनिटें ठेवावे. मग लहान मुलांचा मऊ दांत घासण्याचा ब्रश घेऊन तो नक्षीच्या रेषारेषांतून हलक्या हातानें फिरवावा. ब्रश नवा असावा. बाथरूममधला जुना ब्रश यासाठीं ठेवण्याची कांहीं घरीं चाल आहे, पण त्यांत पेस्टचे कण दडून बसलेले असतात आणि त्यांची हकीकत पुढें यावयाची आहे. रिठे नसतील तर भांडीं घांसण्याच्या पातळ साबणाचे चार थेंब कोमट पाण्यांत घातले तरी तेंच काम होतें. रिठाच पाहिजे असा आमचा हट्ट नाहीं. जुनें तेवढें सोनें असें सोन्याच्या बाबतींतसुद्धां म्हणतां येत नाहीं.

धुवावयाचें तें पातेल्यांत, वाहत्या नळाखालीं नव्हे. कुडीची फिरकी एकदां मोरींतून गेली कीं तिचा शोध घेण्यास गवंडी लागतो. पातेल्यांतलें पाणीहि ओतण्यापूर्वीं चहाच्या गाळण्यांतून गाळावें. ही सूचना वाचून हंसूं येईल, पण सैल झालेला खडा नेमका अशाच वेळीं पाण्यांत राहतो. दोनदां स्वच्छ पाण्यांतून काढून जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानें टिपावे, आणि तासभर पंख्याखालीं उघडे ठेवावे. ओला दागिना डबींत घातला तर ती ओल भरीच्या तांब्याला आणि सांध्याच्या डागाला बाधते.

आतां पेस्ट, राख आणि रांगोळी. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं पदार्थांचा कठिणपणा मोजण्याची एक पट्टी बसविली. तींत हिरा १० वर, आणि गारगोटी, म्हणजे वाळूचा साधा कण, ७ वर येतो. सोनें अडीच-तीनाच्या घरांत आणि मोती अडीच ते साडेचाराच्या मध्यें. रांगोळी ही दगडाचीच पूड. राखेंत वाळूच्या कुळांतली सिलिका असते आणि पुष्कळशा पेस्टींतहि ती मुद्दाम घातलेली असते. ती चोळली कीं अंगठी लखलखते हें खरें आहे. मात्र ती मळ निघाला म्हणून लखलखत नाहीं, वरचा पापुद्रा खरवडून निघाला म्हणून लखलखते. एका वेळेस हा पापुद्रा डोळ्यांना दिसणारहि नाहीं. पण दर सणाला हा प्रयोग केला तर नक्षीचे कंगोरे बोथट होतात, आणि आंतल्या बाजूचा सोनाराचा छाप पुसट होतो. २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीची झालेली सहा अक्षर-अंकांची हॉलमार्कची खूण तर इतकी बारीक असते कीं ती वाचण्यास भिंग लागतें. जी खूण पाहून उद्यां सोनार भाव ठरविणार, ती आपल्याच हातानें घांसून काढण्यांत शहाणपण नाहीं. ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून जे दागिने मिळतात त्यांची गोष्ट याहून नाजुक. त्यांच्यावर सोन्याचा केवळ पापुद्राच असतो. तो गेला कीं खालचा पितळ-तांब्याचा खरा चेहरा प्रगट होतो. त्यांना ओलसर फडक्यापलीकडे कांहीं लावूं नये.

चिंच आणि लिंबू यांचें शास्त्र निराळें. चिंचेंत टार्टारिक आम्ल असतें, लिंबांत सायट्रिक. तांब्या-पितळेवर चढलेलें पूट हीं आम्लें विरघळवितात, म्हणून पळी-पंचपात्र, ताम्हन, समई यांवर चिंच-मीठ लावलें कीं तीं डोळ्यांदेखत झळाळतात. नुसत्या सोन्याच्या बांगडीला चिंचेच्या पाण्यांत घटकाभर ठेवल्यानें अपाय होत नाहीं. भरींतल्या तांब्याची काळसर छटा तेवढी निघते. पण पितळेवर पडलेली ही हाताची संवयच पुढें घात करते, ती अशी.

आमच्या परिचयाच्या एका घरीं दोन वर्षांपूर्वीं नव्या सूनबाईची पहिली मंगळागौर होती. आजेसासूबाईंनीं आपला तन्मणी काढून दिला; बसऱ्याच्या मोत्यांचा, त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून आलेला. सूनबाई शिकलेली आणि कामाला उत्साही. मोत्यांवर पिवळट झांक दिसली, म्हणून समयांबरोबर तन्मणीहि तिनें अर्धा तास लिंबाच्या पाण्यांत ठेवला. बाहेर काढला तेव्हां मोती पांढरे झाले होते खरे. पण चुन्याच्या खड्यांसारखे पांढरे. मोत्याचें पाणी उतरलें होतें. सोनारानें सांगितलें कीं मोठा मोती असता तर एखादा जाणता कारागीर वरचा थर सोलून पाहता; या दाण्यांना तेंहि शक्य नाहीं. मुलगी रडून रडून अर्धी झाली. आजी तिला एक शब्द बोलल्या नाहींत. मागाहून आमच्यापाशीं मात्र म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाई मोती नुसत्या मलमलीनें पुसून ठेवीत. आंबट लागूं देऊं नको म्हणत. कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं. मग हिला मी काय सांगणार होतें?’

हें बोलणें आमच्या मनांतून जात नाहीं. आपल्या घरांतून रीत पुढच्या पिढीला मिळते, तिचें कारण मिळत नाहीं. आणि शिकलेल्या मुलीला कारण न कळलेली रीत ही भाबडी समजूत वाटली तर तिला दोष कसा द्यावा? म्हणून मोत्यांचें कारण येथें सविस्तर देतों.

मोती हा दगड नव्हे. शिंपलीच्या पोटांतील प्राण्यानें पातळ थरांवर थर चढवून केलेली ती वस्तु आहे. या थरांत मुख्य भाग कॅल्शियम कार्बोनेटचा. म्हणजे खडू, शंख, कवडी आणि पोंवळें यांचाच तो सोयरा. कणांना एकत्र धरून ठेवणारें एक सेंद्रिय द्रव्य त्यांत असतें, आणि थोडें पाणीहि असतें. प्रकाश या पातळ थरांत शिरून निरनिराळ्या थरांवरून परत फिरतो, म्हणून मोत्याला ती आंतून आल्यासारखी आब दिसते. आम्ल लागलें कीं कॅल्शियम कार्बोनेट विरघळूं लागतें. वरचा गुळगुळीत थर खडबडीत झाला कीं प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि आब नाहींशी होते. इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिनें सिरक्यांत मोती विरघळवून तो पिऊन टाकल्याची गोष्ट प्लिनी या रोमन ग्रंथकारानें लिहून ठेवली आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यांतील रसायन खोटें नाहीं. घामहि किंचित् आम्ल असतो, रिठ्याचें पाणीसुद्धां. तेव्हां जें रिठ्याचें पाणी पाटल्यांना उत्तम तें मोत्यांना नको.

मोत्यांसाठीं खरोखर एकच उपाय, आणि तो आजीच्या सासूबाईंचाच. मऊ मलमल स्वच्छ पाण्यांत भिजवून घट्ट पिळावी आणि एकेक मोती पुसावा. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानें टिपावा. सर भिजूं देऊं नये, कारण ओला दोरा ताणला जातो आणि मोत्यांच्या भोंकांत ओल राहते. पुसून झाल्यावर सर आडवा ठेवून वाळूं द्यावा, खुंटीला टांगूं नये. अत्तर, पावडर, केंसांचा फवारा हें सगळें आटोपल्यावर नथ-तन्मणी घालावा, आणि घरीं आल्यावर प्रथम तोच उतरवावा. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवींत वर्षानुवर्षें कोंडून ठेवूं नये. अति कोरड्या जागीं मोत्यांतला ओलावा जाऊन त्यांना तडे पडतात. राहतां राहिला जुन्या मोत्यांचा पिवळेपणा. तो त्यांच्या वयाचा रंग आहे. तो घालविण्याच्या खटाटोपांत पडूं नये असें आम्ही निक्षून सांगतों. इराणच्या आखातांतील नैसर्गिक मोत्यांचा व्यापार १९३० नंतरच्या दशकांत जपानी संवर्धित मोत्यांपुढें आणि जागतिक मंदीपुढें खालावला. तेव्हां आजीच्या तन्मण्याच्या जोडीचा दाणा आज बाजारांत सहज मिळेल या भरंवशावर कोणी राहूं नये.

नथेला तर पाण्यांत बुडवूंच नये. खड्याखालीं डांक असेल आणि तिला पाणी लागलें तर ती काळी पडते, आणि मग खडा मेल्यासारखा दिसतो. तो पुन्हां जिवंत करण्यास खडा काढून नवी डांक घालावी लागते. कानांत घालावयाचा कापसाचा बोळा असलेली काडी किंचित् ओली करून खड्यावरून फिरवावी. जो भाग नाकाशीं येतो तो मात्र दर वेळीं साबणाच्या फडक्यानें पुसून कोरडा करावा. एकीची नथ दुसरीनें घालण्याची आपल्याकडे सर्रास चाल असल्यामुळें हें विशेष लिहिलें. पोंवळ्यांना मोत्यांचाच नियम. पाचूंमध्यें सूक्ष्म भेगा असतात आणि त्या झांकण्यासाठीं व्यापारी तेल मुरवितात. कढत पाण्यानें व साबणानें तें तेल निघून भेगा उघड्या पडतात. हिऱ्याच्या कुड्यांचें सोपें आहे. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो, म्हणून तो मंद दिसतो. साबणाचें कोमट पाणी आणि ब्रश मागच्या बाजूनें फिरविला कीं झालें. ध्वनिलहरींनीं दागिने धुण्याचीं लहान यंत्रें हल्लीं घरोघर येऊं लागलीं आहेत. तीं हिऱ्याला ठीक, पण मोती, पाचू आणि लाखेचे दागिने त्यांत घालूं नयेत.

लाखेचें नांव निघालें तें बरें झालें, कारण साज आणि लाख भरलेले पोकळ मणी यांच्याविषयीं पत्रांत कोणीच विचारलेलें नाहीं, आणि नुकसान तेथें मोत्यांच्या खालोखाल होतें. लाख ही एका किड्यापासून मिळणारी राळ. पातळ सोन्याच्या पत्र्याला आंतून आधार मिळावा म्हणून ती भरतात. उकळत्या पाण्याच्या पुष्कळ आधींच ती मऊ पडते. सोड्याच्या पाण्यांत हळूहळू विरघळते. स्पिरिटांत, आणि म्हणून हात निर्जंतुक करण्याच्या द्रवांतहि, तिचा टिकाव लागत नाहीं. कढत पाण्यांत सोडा घालून साज उकळला तर वरून तो छान दिसेल, पण आंतली लाख गेली कीं पुढच्याच वेळीं पानाला बोटाचा दाब लागून खळगा पडेल. अशा दागिन्याला साबणाच्या पाण्यांत पिळलेलें फडकें आणि मऊ ब्रश, एवढेंच पुरे. मंगळसूत्राच्या वाट्यांत आणि मण्यांच्या फटींत बसलेला मळ लांकडी दांतकोरण्यानें काढावा. टाचणीनें किंवा सुईनें काढूं नये, सोन्यावर ओरखडा उठतो.

चांदीची तऱ्हा या सर्वांहून वेगळी, कारण तेथें खरोखरच धातु काळा पडतो. हवेंतील गंधकयुक्त वायूशीं चांदीचा संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचें काळें पूट चढतें. तें पुसून काढलें कीं त्याच्याबरोबर त्यांतली चांदीहि जाते. भांडें घांसल्यावर फडक्यावर जी काजळी दिसते तींत आपलीच चांदी असते. पिढ्यान् पिढ्या रांगोळीनें घांसलेलें फुलपात्र कांठाशीं कागदासारखें कां झालें याचें उत्तर तेथें आहे. येथें मात्र खाण्याच्या सोड्याचा उपाय मनापासून सांगावासा वाटतो. पातेल्याच्या तळाशीं पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद चकचकीत बाजू वर करून अंथरावा. त्यावर चांदीचीं भांडीं अशीं मांडावीं कीं प्रत्येकाचा कागदाला स्पर्श होईल. एक लिटर कढत पाण्यांत एक मोठा चमचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ घालून तें वरून ओतावें. पांच-दहा मिनिटांत काळेपणा उतरूं लागतो, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्या वासानें बिचकूं नये. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे चालला आहे याची ती खूण. चांदी आपल्या जागींच राहते. खिडकी उघडी ठेवावी म्हणजे झालें. खडे, मोती किंवा लाख असलेली चांदी यांत घालूं नये. जेथें काळा रंग मुद्दाम नक्षी उठून दिसावी म्हणून दिलेला असतो ते दागिनेहि नकोत. देव्हाऱ्यांतील टांकांवर रेषांतला काळेपणा राहूं द्यावा. तो निघाला तर देवाचे नाकडोळेच दिसेनासे होतात.

उजळलेली चांदी ठेवतांना रबरी पट्टा आणि लोकरीचें कापड तिच्या जवळहि नको. दोहोंत गंधक असतो. सुती मलमलीत निरनिराळी गुंडाळावी. सोन्याचे दागिनेहि एकाच डबींत ढीग करून ठेवूं नयेत. हिऱ्याची कुडी पाटलीला ओरखडते आणि दोष रिठ्याच्या पाण्याला येतो. आणखी एक सोन्याचा शत्रु सांगून ठेवतों. जुना पाऱ्याचा तापमापक घरांत अजून असेल आणि तो फुटला तर बांगड्या-अंगठ्या काढून ठेवल्यावांचून तिकडे हात नेऊं नये. पारा सोन्यांत शिरतो, सोनें पांढरें पडतें आणि ठिसूळ होतें. असें झालें तर घरीं तें तापवून पारा उडविण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. ती वाफ विषारी आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सदर लिहिणें आम्हांला विशेष अगत्याचें वाटलें ती. दुपारच्या वेळीं, पुरुषमंडळी आणि कामावर जाणाऱ्या सुना घरांत नसतांना, ‘भांडीं उजळून देतों, दागिने उजळून देतों’ असें म्हणत माणसें दारीं येतात. प्रथम एखादा पितळेचा तांब्या फुकट उजळून दाखवितात. मग पाटल्या मागतात, एका भांड्यांत हळदीच्या पाण्यासारखें कांहीं असतें त्यांत त्या बुडवितात, आणि पांच मिनिटांत लखलखीत करून परत देतात. त्या भांड्यांत बहुधा नायट्रिक आम्ल एक भाग व हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग यांचें मिश्रण असतें. त्याला अम्लराज म्हणतात, कारण एकटें एकटें जें आम्ल सोन्याला कांहींच करूं शकत नाहीं तें दुसऱ्याच्या जोडीनें सोनें विरघळवून टाकतें. विरघळलेल्या सोन्याचा द्राव पिवळा असतो. हळद असते ती तो पिवळेपणा लपविण्यासाठीं. पाटल्या परत मिळतात, भांडें त्या माणसाबरोबर जातें, आणि त्यांतून तो मागाहून सोनें काढून घेतो. चार तोळ्यांतून अर्धा तोळा गेला तरी नुसत्या डोळ्यांना तें कळत नाहीं. उलट दागिना पूर्वींपेक्षां चकाकत असतो. कित्येकदां तर आम्लाची तसदीहि न घेतां भांड्याचें झांकण लावून ‘अर्ध्या तासानें उघडा’ असें सांगतात. अर्ध्या तासानें आंत नुसतें हळदीचें पाणी निघतें.

अशा माणसाला उंबऱ्याच्या आंत घेऊं नये, एवढेंच सांगून भागणार नाहीं. घरांत एकट्या असणाऱ्या वडील बायकांना ही युक्ति कशी चालते तें नीट समजावून सांगावें. ‘कोणाला दार उघडूं नका’ असें लहान मुलाला बजावल्याप्रमाणें बजावूं नये. ज्या बाईनें चाळीस वर्षें संसार केला तिला कारण सांगितलें कीं ती त्या माणसाची आपल्यापेक्षां चांगली हजेरी घेईल.

ओळखीच्या सोनाराकडे दागिना उजळण्यास देतांनाहि आधीं आणि मागून वजन करून घ्यावें. त्यांत अविश्वास नाहीं. चांगला सोनार स्वतःच कांट्यावर घालून दाखवितो. स्वयंपाकघरांतला कांटा याला चालत नाहीं, तो ग्रॅमच्या खालीं सहसा पाहत नाहीं. येथें एक हिशेब ध्यानांत असूं द्यावा. आजीच्या वहींतला तोळा बारा मासे किंवा शहाण्णव गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, हल्लींच्या बोलण्यांतला तोळा १० ग्रॅमचा. तेव्हां वहींत ‘पाटल्या, तोळे चार’ असें असेल तर झिजेची थोडी सूट धरून त्या आज सुमारें ४६.६ ग्रॅम भरल्या पाहिजेत, चाळीस नव्हे. दागिने उजळावयास काढलेच आहेत, तर त्याच दिवशीं प्रत्येकाचें वजन ग्रॅममध्यें, आंत लाख आहे कीं नाहीं, आणि तो कोणाकडून आला, हें वहींत लिहून काढावें. मोत्यांच्या दागिन्यापुढें ‘पाणी व आंबट वर्ज्य’ असेंहि लिहावें.

शेवटीं जोडव्यांविषयीं विचारणाऱ्या भगिनीस. आपलीं जोडवीं उजळल्यावर आठच दिवसांत पुन्हां काळीं पडतात, आणि ‘अंगांत उष्णता फार आहे’ असें शेजारीं म्हणतात, यानें आपण घाबरून गेलां आहां. चांदीवरून रोगाचें निदान होत नाहीं. घाम, साबण, फरशीचें ओलें पाणी आणि पावसाळी हवा यांचा तो परिणाम आहे. चप्पल-बुटाचें रबर सतत लागत असेल तर त्याचाहि. जोडवीं काढण्याची आपल्याकडे रीत नसल्यास पाय धुतांना साबणाच्या फेंसांत तोच मऊ ब्रश त्यांच्यावरून फिरवावा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. बोटाला खाज किंवा पुरळ असेल तर मात्र जोडवीं काढून डॉक्टरांना दाखवावें. स्वस्त जोडव्यांत चांदी थोडी आणि दुसरेच धातु अधिक असूं शकतात. एरवीं दसऱ्यापर्यंत वाट पहावी. हवा कोरडी झाली कीं हा काळेपणा पुष्कळ कमी होतो.